रिले सेन्सरचा अलर्ट आला की आधी काय बघायचं आणि मग कुठे पळायचं

आमच्याकडे नाइट शिफ्टला दोन नवीन पोरं आलीत. त्यातल्या एकाने गेल्या आठवड्यात वेर्ण्याच्या साइटचा "डोअर ओपन" रात्रीत चौदा वेळा आला म्हणून पंधराव्या वेळी सरळ म्यूट मारला. त्याला बोलून काही उपयोग नाही, कारण त्याला कोणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं, माझ्यासकट. म्हणून एकदाचं लिहून काढतेय. ज्यांना कोणाला नेटवर्क रॅक, यूपीएस, जनरेटर, एसी असल्या गोष्टींवर लावलेल्या रिले सेन्सरचे अलर्ट रात्री-बेरात्री बघावे लागतात त्यांच्या कामाला येईल. गोव्यातल्या पावसात तर येईलच येईल.

सगळ्यात आधी हे डोक्यात घट्ट बसवा. स्क्रीनवर "स्मोक" किंवा "डोअर" असं जे लाल अक्षरात येतं ना, ते आपल्यापैकीच कोणीतरी इन्स्टॉल करताना टाइप केलेलं नाव आहे. सगळ्या सेन्सरच्या वायरी ज्या डब्यात येतात, ज्याला आपण युनिट म्हणतो, त्याला धूर, दार, पाणी यातलं काहीच कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की तीन नंबरच्या इनपुटवरच्या दोन वायरी आतापर्यंत जोडलेल्या होत्या त्या सुटल्या, किंवा सुट्या होत्या त्या जोडल्या गेल्या. बास. वायरी का सुटल्या? दार उघडलं म्हणून, उंदराने कुरतडलं म्हणून, स्क्रू ढिला झाला म्हणून, खाऱ्या वाऱ्याने टोक हिरवं पडलं म्हणून, काहीही असू शकतं. अलर्टला उत्तर द्यायचं म्हणजे या "का"चं उत्तर शोधायचं.

आता एनओ आणि एनसी. रिले म्हणजे कॉइलला करंट दिला की ओढला जाणारा स्विच, आणि त्याच्या कॉन्टॅक्टच्या बाजूला तीन टोकं असतात, कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज. कॉमन आणि एनओ एरवी सुटे असतात, काही घडलं की जोडले जातात, एनसीचं उलटं. घोळ इथे होतो की रिलेवर छापलेलं "नॉर्मल" म्हणजे कॉइलला करंट नसतानाची अवस्था, आणि आपण ज्याला नॉर्मल म्हणतो ती म्हणजे साइट व्यवस्थित चाललेली असतानाची अवस्था, आणि या दोन एकच असतील असं नाही. चांगल्या पॅनलमध्ये फॉल्टचा रिले मुद्दाम कायम ओढलेला ठेवतात, म्हणजे पॅनलचाच करंट गेला तरी तो सुटतो आणि अलर्ट येतो. त्यामुळे नुसतं टर्मिनलवरचं छापील नाव वाचून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक इनपुटसमोर "सगळं ठीक असताना जोडलेलं की सुटं" हे साध्या मराठीत लिहून ठेवा. आमच्या प्रत्येक रॅकच्या दाराला आतून असा एक कागद चिकटवलाय: इनपुट नंबर, कशाचा सेन्सर, ठीक असताना कसं, केबल कुठून कुठे जाते, आणि साइटच्या वॉचमनचा नंबर. त्याचाच फोटो ग्रुपवर पिन केलेला आहे. तो कागद नसेल तर रात्री तीनला तुम्ही देवावर भरोसा ठेवून काम करताय असं समजा.

मला विचाराल तर जे महत्त्वाचं ते सगळं एनसीवर, म्हणजे ठीक असताना जोडलेलं. वायर तुटली तर निदान बोंब तरी होते. एनओवर टाकलेला सेन्सर केबल तुटल्यावर आयुष्यभर "ऑल ओके" सांगत बसतो आणि आपण खूश.

बरं, अलर्ट आला. पहिला प्रश्न, कशाचा? धूर असेल तर शंका-कुशंका नंतर, आधी हालचाल. साइटवर माणूस असेल त्याला फोन, त्याने दार उघडायच्या आधी दाराला उलटा हात लावून बघायचं, गरम लागलं तर उघडायचं नाही, आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा सरळ ११२. खोटा अलार्म निघाला तर निघाला, अर्धा तास गेला एवढंच. आग विझवायला गॅस सोडणारी फायर सिस्टम असलेल्या खोलीत तर अलार्म वाजत असताना "जरा बघून येतो" म्हणत आत शिरायचंच नाही. आणि त्या पॅनलच्या वायरींना आपण हात लावायचा नाही, तो वेंडरचा माणूस आल्यावर त्याच्या समोर, गॅस आयसोलेट केल्यानंतर. रॅकजवळ पाणी असेल तर तेच, आधी हालचाल. बाकी सगळ्या अलर्टना दोन मिनिटं डोकं वापरायला वेळ असतो, तो वापरा.

त्या दोन मिनिटांत पहिलं काम म्हणजे मेल किंवा एसएमएस बाजूला ठेवून इनपुटची आत्ताची अवस्था थेट बघायची. युनिटच्या वेब पेजवर जा किंवा एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणांची अवस्था विचारायची पद्धत) तो इनपुट पोल करा, म्हणजे आपणच विचारा. कारण ट्रॅप, म्हणजे युनिट आपणहून पाठवतं तो निरोप, यूडीपी पोर्ट १६२ वर येतो आणि साधा ट्रॅप पोचला की नाही याची पोच पाठवणाऱ्याला कोणी देत नाही, वाटेत पडला तर पडला. म्हणजे "दार उघडलं" हा पोचला आणि "दार बंद झालं" हा हरवला असं अगदी सहज होतं, आणि तुम्ही बंद दाराचा अलर्ट घेऊन वॉचमनला झोपेतून उठवता. पोच हवी असेल तर ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरायचा, तो व्हर्जन २सी पासून मिळतो, युनिट सपोर्ट करत असेल तर चालू करून टाका.

वेळही बघा. अलर्टमधली वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ यात बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला तर युनिट यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे, चोर आलेला नाही. मी स्वतः एकदा "रात्री अडीच वाजता दार उघडलं" म्हणून सकाळी सीसीटीव्ही उपसत बसले होते, आणि ते होतं सकाळी आठचं, साफसफाईवाली मावशी. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावा आणि टाइमझोन सेट करा, दहा मिनिटांचं काम आहे.

मग दुसरा साक्षीदार शोधायचा. एकट्या कॉन्टॅक्टवर विश्वास नाही. यूपीएस म्हणतोय बॅटरीवर गेलो, तर यूपीएसचं इनपुट व्होल्टेज काय दाखवतंय? तापमान वाढलं म्हणतोय, तर स्विचच्या आतला टेम्परेचर सेन्सर काय म्हणतो? दार उघडलं, तर कॅमेरा? दोन साक्षीदार जुळले तर खरं धरून चाला. नाही जुळले तर वायरिंगवर संशय.

आणि एकदम पाच-सहा अलर्ट आले तर घाबरू नका, उलट ते सोपं असतं. पाच गोष्टी एकाच सेकंदाला बिघडत नाहीत, पाचांना जोडणारी एक गोष्ट बिघडते. आमच्या युनिटमध्ये सगळ्या सेन्सरची एक बाजू मिळून एका कॉमन वायरवर आहे, बऱ्याच जणांनी केबल वाचवायला असंच केलेलं असतं. ती कॉमन तुटली की सगळे इनपुट सुटे दिसतात. मग एनसीवाले सगळे एकदम बोंबलतात आणि एनओवाले गप्प. हा पॅटर्न ओळखायला शिका: एनसी सगळे लाल, एनओ सगळे हिरवे, वेळ एकच, म्हणजे कॉमन. पण ते हिरवे खरे हिरवे नाहीत हं, त्या क्षणापासून ते आंधळे झालेत. कॉमन परत जोडली जाईपर्यंत तिथे माणूस बसवावा लागतो किंवा कॅमेऱ्यावर डोळा ठेवावा लागतो.

आता एकेक प्रकार, पण सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, काहींमध्ये लिहिण्यासारखं फार नाही.

लाइट गेल्याचा अलर्ट. मेन सप्लाय आहे की नाही हे कळायला आम्ही २३० व्होल्टची कॉइल असलेला छोटा रिले लावलाय, लाइट असेपर्यंत कॉइल ओढलेली, गेली की सुटते, आणि त्याचे कॉन्टॅक्ट युनिटला जातात. काही हुशार लोक २३०ची वायरच ड्राय कॉन्टॅक्ट इनपुटमध्ये, म्हणजे बाहेरचा व्होल्टेज न घेता नुसतं जोडलं-सुटलं बघणाऱ्या इनपुटमध्ये, घालतात. तसं करू नका, युनिट तर जाईलच, पुढच्या वेळी कनेक्टरला हात लावणारा माणूसही जाईल. अलर्ट आल्यावर वॉचमनला एकच प्रश्न विचारायचा, बाहेर रस्त्यावर आणि शेजारी लाइट आहे का? "बाय, लायट ना हांगा, सगळो काळोख" असं म्हणाला तर बाहेरची गेली, वीज खात्याला कळवा आणि जनरेटरवर लक्ष ठेवा. शेजारी झगमगाट आणि आपल्याकडे अंधार असेल तर आपला एमसीबी किंवा आरसीसीबी (बोर्डावरचे आपोआप पडणारे सुरक्षेचे स्विच) पडलाय. तो वॉचमनला फोनवरून एकदाच वर करायला सांगायचा. परत पडला तर हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियन.

डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, असेल तर "डीजी रनिंग"चा वेगळा कॉन्टॅक्ट हवाच. लाइट गेल्यावर मिनिटभरात तो आला नाही तर सुरू झालेला नाही असं धरून बॅटरीचा हिशोब सुरू करा. डीजी सुरू न होण्याची कारणं आमच्याकडे बहुतेक वेळा दोनच निघाली आहेत, स्टार्टरची बॅटरी मेलेली आणि कोणीतरी स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर ठेवून विसरलेला. यूपीएसचा "लो बॅटरी" कॉन्टॅक्ट आला म्हणजे आता मिनिटं उरली, वाट बघत बसू नका, सर्व्हर नीट शटडाउन करायला घ्या. आणि बॅटऱ्या गरम खोलीत ठेवू नका, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बॅटऱ्या का टिकत नाहीत ते मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

तापमानाच्या अलर्टबद्दल एक गोष्ट जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये वाचली नाही. लाइट गेली, आली, सगळं सुरळीत झालं, तुम्ही अलर्ट क्लोज केला आणि चहा घ्यायला गेलात. अर्ध्या तासाने टेम्परेचर. का? कारण साधा स्प्लिट एसी, ऑटो रिस्टार्ट नसेल तर, लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी रिमोट दाबावा लागतो. तर लाइटचा अलर्ट क्लोज करताना एसी सुरू आहे का हे विचारल्याशिवाय क्लोज करायचा नाही. रॅकच्या पुढून आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी अशरेची (एसी-वातानुकूलनाचे मापदंड ठरवणारी संस्था) शिफारस आहे, आम्ही वॉर्निंग ३० ला ठेवलीय आणि ती क्लिअर होते २७ ला. मध्ये हा तीन अंशांचा फरक मुद्दाम सोडलाय, नाहीतर ३०.१, २९.९, ३०.१ करत रात्रभर मेल येत राहतात.

पाण्याचा अलर्ट. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, त्यामुळे पाणी आलं की सगळे छपराकडे बघतात. पणजीतल्या जुन्या कौलारू घरातलं आमचं एक ऑफिस आहे, तिथे खरंच कौल सरकतं. पण बाकी ठिकाणी मी पाण्याच्या मागे गेले तेव्हा बहुतेकदा एसीची ड्रेन पाइप शेवाळाने तुंबलेली निघाली, किंवा बाहेरून येणारी केबल. केबल भिंतीच्या भोकातून आत येताना बाहेर तिला खाली पोट सोडावं लागतं, म्हणजे पाणी त्या पोटाच्या तळाशी येऊन तिथूनच ठिबकतं. सरळ तिरकी आत आणली तर ती केबल नसून पन्हाळ आहे. पाणी असताना आधी बघायचं ते पाण्याजवळ पॉवर स्ट्रिप आहे का, असेल तर लांबच्या एमसीबीवरून बंद करा, पाण्यात उभं राहून प्लग ओढू नका. पाणी पुसलं तरी दोरीचा सेन्सर (जमिनीवर पसरलेली, ओली झाली की अलर्ट देणारी दोरी) ओलाच असतो, तो कोरड्या फडक्याने पुसून वाळेपर्यंत अलर्ट जात नाही, यात बिघाड काही नाही. धूळ आणि मिठाचा थर बसलेली दोरी दमट हवेतसुद्धा खोटं बोलते, मेच्या शेवटी एकदा पुसून घ्यावी.

आणि दार. ज्या चौदा अलर्टपासून सुरुवात केली ते हेच. दाराच्या सेन्सरमध्ये चौकटीवर रीड स्विच आणि दारावर मॅग्नेट असतो, मॅग्नेट जवळ आला की स्विच जोडलेला, लांब गेला की सुटा. किती गॅप चालतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं. आता पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, पूर्ण बसत नाही, वॉचमन ढकलून ढकलून कंटाळतो आणि बोटभर फट ठेवून जातो. मॅग्नेट बरोब्बर काठावर. वारा आला की दार जरासं हलतं, सुटला, जोडला, सुटला, जोडला. तर चौदा अलर्टमागे चोर नव्हता हे खरं, पण दार बंद नव्हतं हेही खरं! सेन्सर बरोबरच सांगत होता. म्हणून सतत येणारा अलर्ट म्हणजे खोटा अलर्ट असं समीकरण करू नका. किती वेळ उघडा, किती वेळ बंद, पाऊस-वारा कधी होता, हे एकदा लॉग लावून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

याच्या जोडीला डिबाउन्स म्हणजे काय तेही सांगते. कुठलाही यांत्रिक कॉन्टॅक्ट जोडला जाताना काही मिलिसेकंद थडथडतो, ते युनिट स्वतःच गाळतं. पण वाऱ्याचं दार, किंवा लाइटचा झटका, यासाठी आपण वेळ द्यायची. आमच्याकडे दाराला ५ सेकंद, लाइटला १० सेकंद, धुराला शून्य. मॉनिटरिंगमध्येही हे करता येतं, नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये तीनदा चेक फेल झाल्याशिवाय हार्ड स्टेट, म्हणजे पक्का बिघाड, धरू नको असं सांगता येतं, झॅबिक्समध्ये ट्रिगरच्या एक्स्प्रेशनमध्ये वेळ घालता येते. मात्र वेळ वाढवत वाढवत नेऊन अलर्ट गायब करणं म्हणजे म्यूट मारण्याचाच सभ्य प्रकार आहे.

साइटवर पोचलात आणि प्रत्यक्ष काहीच झालेलं नाही, तर मग वायर शोधायची. त्यासाठी मल्टिमीटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि वीतभर वायरचा तुकडा एवढं पुरतं. आधी मॉनिटरिंगवाल्याला फोन करून सांगा की मी या इनपुटवर काम करतेय, नाहीतर तो बिचारा तिकडे पळापळ करेल. मग युनिटच्या बाजूला त्या इनपुटच्या दोन्ही वायरी काढा आणि मीटर व्होल्टेजवर ठेवून त्यांच्यात कुठला व्होल्टेज नाही ना हे बघा, कोणी काय जोडून ठेवलेलं असेल सांगता येत नाही. आता इनपुटच्या दोन टर्मिनलवर तो वायरचा तुकडा लावा, काढा. स्क्रीनवर स्टेट बदलते? मग युनिट बरं आहे. वायरी परत लावा, सेन्सरपाशी जा, तिथल्या वायरी सेन्सरमधून सोडवून एकमेकींना टेकवा, वेगळ्या करा. इथेही बदलते? मग केबल बरी आणि सेन्सर वाईट. नाही बदलत? मग केबल. मध्ये जिथे जॉइंट असेल तिथे परत हेच, अर्धं-अर्धं करत गेलं की पंधरा मिनिटांत जागा सापडते. कंटिन्युइटीचा बीप ऐकायचा तर वायर युनिटमधून सुटी असतानाच, चालू सर्किटवर मीटर काहीही बोलतो.

किनाऱ्याजवळच्या साइटना, म्हणजे कांदोळी, कोळवा असल्या पट्ट्यात, बहुतेकदा सापडतो तो गंज. तांब्याची टोकं हिरवी पडतात. ड्राय कॉन्टॅक्टमधून करंट जातो तो मोजून काही मिलिअँप, तेवढ्याने कॉन्टॅक्टवरचा थर जळून साफ होत नाही, मोठ्या करंटच्या रिलेत तो होतो. म्हणून २३० व्होल्टचा लोड उचलायला केलेला मोठा रिले या बारीक सिग्नलला वापरला की वर्षभरात नखरे सुरू होतात, बारीक सिग्नलला सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा रिले घ्या, थोडा महाग असतो. आणि त्याला सँडपेपर मारू नका हो, मुलामाच निघून जातो! कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारा. वायरीच्या टोकांना पिन लग क्रिम्प करा, नुसती पिळलेली तार स्क्रूखाली दाबू नका. हिरवं पडलेलं टोक कापून ताजं तांबं काढा, खरवडून भागत नाही.

उंदीर, मुंगळे, पाली यांच्यावर वेगळं लिहायला हवं. पॅनलमध्ये पाल शिरून मेली आणि तिच्यामुळे दोन टर्मिनल जोडले गेले असं मी डोळ्यांनी बघितलंय. केबल जिथून आत शिरते तिथे ग्लँड (घट्ट बसणारी कॉलर) लावा, न वापरलेली भोकं बुजवा.

विजांचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्याकडे त्या भर पावसात कमी आणि मे महिन्यात व ऑक्टोबरात जास्त, संध्याकाळच्या. डीजी शेडपर्यंत जाणारी लांब सेन्सर केबल म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण, थेट पडायची गरज नाही, जवळ पडली तरी पुरतं. गडगडाटानंतर एखादा इनपुट कायमचा जोडलेला किंवा कायमचा सुटा दाखवायला लागला आणि वायरी काढून, मग टर्मिनलवर वायरचा तुकडा लावूनही बदलला नाही तर तो इनपुट गेला, शेजारच्या रिकाम्या इनपुटवर हलवा आणि कागदावर लगेच खाडाखोड करा. शील्ड असलेली केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली, आणि सर्ज प्रोटेक्टर, एवढं करून ठेवा. अर्थिंग म्हणाल तर चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात सुकून टणक होते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, मीठ-कोळशाच्या जुन्या पिटमध्ये मार्च ते मे पाणी घालायला कोणाला तरी नेमून ठेवा. माळ्याला सांगितलं तर तो झाडांबरोबर त्यालाही घालतो, आमचा घालतो.

आता उलट्या बाजूचे रिले, म्हणजे आपण चालवतो ते. अडकलेला मोडेम बंद-चालू करायला रिले आउटपुट लावतात. मोडेमची पॉवर एनसीमधून न्या, म्हणजे रिले युनिट मेलं तरी मोडेम चालू राहील. एकदा बंद-चालू केलं की पाच मिनिटं हात बांधून बसा, लिंक यायला वेळ लागतो, घाईने दुसऱ्यांदा दाबणारे स्वतःच आउटेज लांबवतात. डीसी कॉइल किंवा सायरन चालवत असाल तर कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालतो, नाहीतर प्रत्येक वेळी ठिणगी पडून कॉन्टॅक्ट झिजतो.

अलर्ट कुठल्या वाटेने येतो तेही एकदा तपासा. ज्या लिंकवर अलर्टचा मेल येतो तीच लिंक तुटली तर "लिंक तुटली" हे सांगायला मेल कसा येणार? दिवाडी बेटावरच्या साइटवर आमचं हेच झालं, संध्याकाळपासून शांत, आम्ही म्हटलं आज बरं आहे, आणि सकाळी पोदेर (पाववाला) पाव घेऊन आला त्याच सुमाराला तिथल्या माणसाचा फोन, सगळं बंद आहे म्हणून. त्यानंतर तिथे सिमवाला जीएसएम मोडेम लावला आणि युनिटने दर तासाला "मी आहे" म्हणायचं असं ठेवलं. तो निरोप आला नाही की तोच अलर्ट. बेटावर जायला फेरी लागते, मनात आलं आणि गाडी काढली असं होत नाही, त्यामुळे अशा साइटना आधी कळणं जास्त महत्त्वाचं. शिवाय महिन्यातून एकदा मुद्दाम दार उघडा, दोरी ओली करा, मेनचा एमसीबी पाडा आणि अलर्ट किती सेकंदात कोणाच्या फोनवर पडतो ते बघा. फोन बदललेल्या माणसाचा जुना नंबर लिस्टमध्ये असतो, हे दर वेळी निघतं.

म्यूट करायचं असेल तर करा, मी नको म्हणत नाही. पण तीन गोष्टी लिहून: कोणी, का, आणि कधीपर्यंत. आपोआप संपणारा म्यूट, मेंटेनन्स विंडो लावून. "परत चालू करेन लक्षात ठेवून" हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. एकाच इनपुटचा करा, पूर्ण साइटचा नको. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी तर एकही उघडा म्यूट शिल्लक ठेवायचा नाही, कारण चवथीला सगळे गावी, ऑफिसं बंद, साइटवर वॉचमन एकटा आणि त्याचंही लक्ष माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीकडे. त्या दिवसांची ड्युटी लिस्ट, चाव्या कोणाकडे, डीजीत डिझेल किती, हे आठवडाभर आधी लिहून ठेवावं लागतं. आणि रात्री साइटवर एकट्याने जायचं नाही, हा माझा नियम आहे, पोरांनाही लागू.

अलर्ट क्लोज करताना लॉगमध्ये "चेक्ड, ओके" लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. काय चेक केलं? लिहायचं ते असं: इनपुट ३, ०२:४०ला सुटला, कॅमेऱ्यात कोणी नाही, वॉचमनने बघितलं, दाराला फट, ढकलून बंद केलं, ०२:५५ला जोडला. एवढंच. सहा महिन्यांनी तोच इनपुट परत नाचायला लागला की हीच ओळ कामाला येते.

तर वेर्ण्याचं दार. त्याच पोराला दिवसा पाठवलं, मीटर आणि वायरचा तुकडा देऊन. युनिट बरं, केबल बरी, सेन्सर बरा, दार फुगलेलं. सुताराला बोलावून खालच्या कडेला रंधा मारून घेतला, कब्जाचे स्क्रू आवळले, मॅग्नेट थोडा पुढे सरकवला. ऑक्टोबरनंतर लाकूड सुकलं की गॅप परत बदलणार, तेव्हा १० नोव्हेंबरला परत मोजायचं असं कॅलेंडरवर त्याच्याच नावाने टाकून ठेवलंय.